जवानातून पॅरा एसएफचा अधिकारी: वाट नेमकी कशी जाते?

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला रुजू झाली. त्यांची चार वर्षं भरत येतायत तशी सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडच्या घरांमध्ये ‘पुढे काय’ची चर्चा वाढली आहे. त्या चर्चेत एक उत्तर हमखास ऐकू येतं: ‘पोरगा म्हणतोय, कमांडो ऑफिसर होणार.’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मरून रंगाची टोपी असते आणि धोनीमुळे घराघरांत पोचलेलं बलिदान चिन्ह. २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये ते त्याच्या ग्लोव्हजवर दिसलं, आयसीसीने काढायला लावलं, आणि तेव्हापासून ते टी-शर्टवर, बुलेटच्या टाकीवर, कुठेही दिसतं.

इच्छा चांगली आहे. घोळ असा की ‘कमांडो ऑफिसर’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बहुतेक पोरं त्यातल्या एकीचीच तयारी करतात: पहाटे उठून धावण्याची. गणवेशात असलेल्या जवानासाठी धावणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. तो अडकतो तो बहुधा त्याच्या आधी, कागदावर आणि मुलाखतीत. किंवा नंतर, शरीर संपल्यावर डोकं चालवायची वेळ येते तेव्हा.

आधी हे स्पेशल फोर्सेस म्हणजे कोण?

साधं पायदळ मोर्चा धरून लढतं. स्पेशल फोर्सेस म्हणजे एसएफ. ही माणसं लहान तुकड्यांत जातात, बऱ्याचदा शत्रूच्या पाठीमागे. त्यांचं लक्ष्य ठरलेलं असतं: तोफखाना, दारूगोळ्याचा साठा, अतिरेक्यांचा तळ, एखादा पूल. मदत लांब असते, चूक सुधारायला दुसरी कंपनी येत नाही. म्हणून इथे संख्येपेक्षा एकेका माणसाच्या दर्जावर भर असतो.

लष्करात हे काम पॅराशूट रेजिमेंटच्या एसएफ पलटणी करतात. या रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या पलटणी आहेत. ५, ६ किंवा ७ पॅरासारख्या पलटणी विमानातून उतरून लढणारं पायदळ आहेत. ९, १०, २१ पॅरा यांसारख्या पलटणी एसएफ आहेत. मरून टोपी दोघांचीही. बलिदान चिन्ह मात्र फक्त एसएफचं, तेही प्रोबेशन, म्हणजे पलटण पारखून घेते तो काळ, पार केल्यावर. नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड ही वेगळी दलं आहेत. मार्कोसचा तळ आयएनएस अभिमन्यू आपल्या मुंबईतच आहे. एनएसजी, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्ड, हे तर लष्करही नव्हे. ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतलं दल आहे आणि तिथे लष्करातले लोक प्रतिनियुक्तीवर जातात. २६/११ ला ताजमध्ये एनएसजीकडून लढताना शहीद झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन मूळचे ७ बिहार या पायदळ पलटणीचे होते.

या दलाची सुरुवातच स्वेच्छेतून झाली. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वतःहून पुढे आलेल्या सैनिकांची एक तुकडी बांधली, सीमेपलीकडे छापे घातले, आणि त्या यशातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो पलटण उभी राहिली. पुढच्याच वर्षी वाळवंटासाठी १० पॅरा कमांडो. १९७१ च्या डिसेंबरात ९ पॅराने पूंछ भागात मंढोल इथे पाकिस्तानी तोफांच्या बॅटरीवर रात्री छापा घालून तोफा उडवल्या. त्याच महिन्यात १० पॅरा जीपमधून वाळवंट कापत सिंधमध्ये चाचरोपर्यंत खोल घुसली. लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंग, म्हणजे जयपूरचे महाराज, त्या मोहिमेचे प्रमुख होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. एसएफ अधिकाऱ्याचं काम काय, याचं उत्तर या दोन छाप्यांत आहे. रात्र, अनोळखी मुलूख, मूठभर माणसं, आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हे ठरवणारा एकच जण.

मराठी माणसाचा या पलटणींशी संबंध जुना आहे. २ पॅरा ही मुळात ३ मराठा. टांगाइलला ११ डिसेंबर १९७१ रोजी विमानातून उतरली ती हीच, तेव्हा ती एसएफ नव्हती. २१ पॅरा एसएफ म्हणजे मूळची २१ मराठा लाईट इन्फंट्री, १९९६ मध्ये ती एसएफ झाली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीत घडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते.

कमांडोची थेट भरती असते का?

नसते. ‘कमांडो’ नावाच्या अकादम्या गावोगाव निघाल्यात, काही चांगल्याही आहेत, पण त्यांतून कुणी थेट एसएफचा अधिकारी होत नाही. आधी लष्करी अधिकारी व्हावं लागतं. मग स्वेच्छेने एसएफकडे जावं लागतं. मग ती पलटण तुम्हाला पारखते आणि ठेवून घेते किंवा परत पाठवते.

जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. खरेदीखत झालं म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. फेरफार वेगळा करावा लागतो, तिथे वेगळे लोक वेगळे प्रश्न विचारतात. अधिकारीपद म्हणजे कमिशन हे तुमचं खरेदीखत. एसएफची प्रोबेशन हा फेरफार. खरेदीखत नसताना तलाठ्याकडे चकरा मारणारे जसे असतात, तसे बारावीची गुणपत्रिका पूर्ण नसताना वीस किलो वजन घेऊन डोंगर चढणारे जवान असतात.

जवानाला अधिकारी व्हायची दारं कोणती?

मुख्य दार एकच समजा: आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी. सेवेत असलेल्या जवानांमधून अधिकारी घडवण्यासाठी ही संस्था १९६० मध्ये बुंदेलखंडातल्या नौगावला सुरू झाली. १९६४ मध्ये ती पुण्यात आली, १९७७ मध्ये डेहराडूनला गेली आणि तिथल्या इंडियन मिलिटरी अकादमीचा, म्हणजे आयएमएचा भाग झाली. वयाची चौकट साधारण २० ते २७, किमान दोन वर्षं सेवा, बारावी उत्तीर्ण. लेखी परीक्षा, मग एसएसबी ही पाच दिवसांची निवडचाचणी, मग वैद्यकीय. निवड झाली की तीन वर्षं एसीसीत पदवीचं शिक्षण, पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. त्यानंतर एक वर्ष आयएमएत लष्करी प्रशिक्षण. मग लेफ्टनंट.

दुसरी दारंही आहेत. स्पेशल कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे एससीओ ही योजना वयाने थोड्या मोठ्या जवानांसाठी आहे. त्याहून अनुभवी हवालदार आणि जेसीओंसाठी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा) ‘पर्मनंट कमिशन, स्पेशल लिस्ट’. अधिकारी होण्यासाठी ही दारं सन्मानाचीच आहेत. पण तुमचं लक्ष्य एसएफमध्ये तुकडी घेऊन जाणारा तरुण अधिकारी होण्याचं असेल, तर त्या दारांनी आत येईपर्यंत वय आडवं येतं. पदवीधर असाल तर चौथं दार सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेचं. त्यातून आयएमएला जायचं तर अविवाहित हवं आणि वय साधारण २४ च्या आत. नोकरीत असलेल्या जवानालाही ती देता येते, पण कमांडिंग ऑफिसरला कळवून, रीतसर.

इथे एक गोंधळ मिटवू. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात ‘कॅप्टनसाहेब’ म्हणून मान मिळवणारे अनेक आजोबा ऑनररी कॅप्टन असतात. दीर्घ आणि उत्तम सेवेबद्दल जेसीओंना निवृत्तीच्या सुमारास दिलेला तो मानाचा हुद्दा. कारगिलमध्ये टायगर हिलवर परमवीर चक्र मिळवणारे योगेंद्रसिंग यादव पुढे ऑनररी कॅप्टन झाले. मान तोलामोलाचाच. पण एसएफची तुकडी सांभाळणारा पंचविशीतला कॅप्टन त्या वाटेने येत नाही.

अग्निवीर असेन तर?

तुमच्यासाठी घड्याळ जास्त वेगाने फिरतं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. म्हणून सगळा भार ‘आपण त्या पंचवीस टक्क्यांत येऊ’ या आशेवर टाकू नका. पहिल्या वर्षापासून पदवीला नाव घाला. इग्नूने अग्निवीरांसाठीच पदवी आखली आहे आणि तिचे जवळपास निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. अठराव्या वर्षी आत गेलेला पोरगा बावीसला पदवी घेऊन बाहेर पडला, तर सीडीएससाठी त्याच्या हातात अजून दोनेक वर्षं उरतात. पदवी न घेता बाहेर पडला तर ते दार बंद. बराकीत रात्री नऊनंतर मोबाईल बघत बसणारे आणि तोच तास अभ्यासाला देणारे यांच्यात बावीसाव्या वर्षी पडणारा फरक फार मोठा असतो.

एसएसबीत जवान का अडखळतात?

सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड म्हणजे एसएसबी. प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जालंधर इथे त्यांची केंद्रं आहेत. पाच दिवस चालतं. पहिल्या दिवशी चाळणी, बरेचजण त्याच संध्याकाळी परत येतात. मग मानसशास्त्राच्या चाचण्या. १५ सेकंदांत एका शब्दावर वाक्य, असे ६० शब्द. अर्ध्या तासात ६० प्रसंग आणि त्यांवर तुम्ही काय कराल ते. चित्र बघून गोष्ट लिहायची. त्यानंतर मैदानात फट्टा (फळी), बल्ली (लाकडी वासा), रस्सी घेऊन गटाने अडथळे पार करायचे. सोबत मुलाखत.

मैदानी भागात जवान सहसा चमकतो. रस्सीला गाठ कशी मारायची हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण एसएसबी गाठ बघत नाही. ती बघते की गट अडकला तेव्हा नवी कल्पना कुणी मांडली, दुसऱ्याची चांगली कल्पना कुणी मान्य केली, मागे पडलेल्याला कुणी आत घेतलं. आणि इथे जवानाची सर्वात चांगली सवय त्याच्या आड येते. शिस्तीत वाढलेला माणूस हुकुमाची वाट बघतो. ‘उस्ताद सांगतील तसं’ हे दोन-तीन वर्षं अंगात मुरलेलं असतं. समोर उस्ताद नसतो आणि आठ अनोळखी माणसं एका फट्ट्याकडे बघत उभी असतात, तेव्हा तो गप्प राहतो. दुसरं टोक म्हणजे क्लासमध्ये पाठ केलेली उत्तरं. ‘मी देशासाठी प्राण देईन’ असं साठांपैकी चाळीस प्रसंगांत लिहिणाऱ्याबद्दल मंडळाला काहीच कळत नाही.

यावर इलाज पलटणीतच आहे. सेक्शनची लहानसहान जबाबदारी स्वतःहून मागा: खेळाची टीम, स्टोअरचा हिशोब, नव्या जवानांना हत्याराचा धडा. तुमच्या निर्णयाने काही बिघडेल अशी जागा शोधा आणि तिथे निर्णय घ्या. मुलाखतीत सांगायला खरी गोष्ट त्यातूनच मिळते.

इंग्रजीचं काय, हे मराठी माध्यमातल्या पोरांचं मोठं दुखणं. सुटका नाही. लेखी परीक्षा, आयएमएचे वर्ग, नंतरचे ऑपरेशनल आदेश, सगळं इंग्रजीत. पण अपेक्षा फर्ड्या इंग्रजीची नाही. वर्तमानपत्रातली एक बातमी रोज मोठ्याने वाचायची आणि मग पेपर बंद करून तीच बातमी आपल्या मोडक्या इंग्रजीत सहकाऱ्याला सांगायची. सहकारी हसेल. एका वर्षात त्याचं हसू थांबतं.

प्रोबेशनमध्ये नेमकं काय बघतात?

आयएमएत शेवटच्या टप्प्यात कॅडेट आपल्या पसंतीचं दल सांगतो. एसएफ मागणारे स्वेच्छेने मागतात. इतर दलांतले तरुण अधिकारीही सेवेच्या पहिल्या काही वर्षांत स्वेच्छेने येऊ शकतात. मग त्यांना पलटणीकडे पाठवतात. ही प्रोबेशन ‘नव्वद दिवस’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती सहा महिन्यांपर्यंतही जाते.

पिट्टू (पाठीवरची बॅग), रायफल, दारूगोळा मिळून वीसेक किलो किंवा जास्त वजन घेऊन स्पीड मार्च. दहा किलोमीटर, मग वीस, तीस, चाळीस, आणि शेवटी शंभर किलोमीटरची चाल. मध्ये झोप न देता दीड-दोन दिवस सलग कामं. निशाणेबाजी, स्फोटकं, नकाशा, वायरलेस, प्रथमोपचार. अधिकारी प्रोबेशनरही जवान प्रोबेशनरांसारखाच रगडला जातो, बहुतेक वेळा थोडा जास्त. त्याला शिकवणारे अनेकदा हवालदार आणि नाईक असतात. खांद्यावरच्या ताऱ्यांना त्या काळात फारशी किंमत नसते.

लोक या सगळ्याला छळ समजतात, किंवा मर्दानगीची परीक्षा. दोन्ही समज चुकीचे आहेत. तिसाव्या किलोमीटरला, झोप नसताना, अधिकाऱ्याला अचानक विचारतात: आत्ता नकाशावर आपण कुठे आहोत? वाटेत दिसलेल्या ट्रकचा नंबर काय होता? तुझा साथीदार लंगडतोय हे तुझ्या लक्षात आलं का? उत्तर येत नसेल तर धावण्याची वेळ कितीही चांगली असो, पलटणीला तो उपयोगाचा नाही. थकवा हा तिथे प्रश्नपत्रिकेचा कागद आहे. प्रश्न त्यावर लिहिलेले असतात.

अजून एक गोष्ट बघतात, आणि माझ्या मते तीच निर्णायक. एसएफच्या तुकडीत प्रत्येकाचं एक खास कौशल्य असतं. कुणी स्फोटकांचा, कुणी वायरलेसचा, कुणी वैद्यकीय मदतीचा, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचंही काम थोडंफार येतं. पंचविशीतल्या कॅप्टनच्या हाताखाली बारा-पंधरा वर्षं हेच करणारा हवालदार असतो. त्याला जास्त कळतं हे अधिकाऱ्याने मान्य करायला हवं, त्याचं ऐकायला हवं, आणि तरीही शेवटचा निर्णय स्वतः घ्यायला हवा. ही कसरत अवघड आहे. जवानातून आलेल्या अधिकाऱ्याला इथे खरा फायदा असतो. लंगरमध्ये काय बोललं जातं, रजा नाकारली की माणसाचं काय होतं, घरून आलेल्या एका फोनने संत्री ड्यूटीवरचं लक्ष कसं उडतं, हे त्याने आतून बघितलेलं असतं. फायद्याला जोडून धोकाही आहे: जुन्या दोस्तीत वाहून जाऊन नको तिथे मऊ होणं, किंवा आपण आता ‘साहेब’ झालो हे दाखवायला नको तिथे कडक होणं.

प्रोबेशन पार झाल्यावर आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅराशूटच्या पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. काहींचं हे आधीच झालेलं असतं. पुढचे कोर्स मग वर्षानुवर्षं चालतात: मिझोराममध्ये वैरेंग्टेला जंगलयुद्ध, गुलमर्गला बर्फाळ उंचीवरचं युद्ध, कोचीला पाण्याखालचं.

मग शरीराची तयारी करायचीच नाही?

करायची, पण शहाण्यासारखी. जवान म्हणून तुम्ही बीपीईटी ही लढाऊ तंदुरुस्तीची चाचणी देतच असता: लढाईच्या साजासह पाच किलोमीटर, साठ मीटरची दौड, रस्सी, नऊ फुटी खंदक. त्यात ‘एक्सलंट’ हा पाया धरा. त्यावर वजन घेऊन चालण्याची सवय चढवा. घाई इथेच नडते. यूट्यूब बघून पहिल्याच आठवड्यात पंचवीस किलो पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. विश्रांती हाच त्यावर उपाय, आणि ती काही आठवड्यांची असते. आधी वजनाशिवाय अंतर वाढवा, मग थोडं वजन, मग अंतर. दोन्ही एकदम वाढवू नका. वजन घेऊन धावण्यापेक्षा झपझप चाला, तेही मातीवर. पाय हे तुमचं पहिलं हत्यार. बूट आधी मुरवून घ्या, मोजे ओले राहू देऊ नका, फोड आला की त्याच दिवशी बघा.

दोन गोष्टी जिवावर बेततात. एक उष्माघात. थंड भागातून आलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी जोर लावला, पाणी-मीठ कमी पडलं, तर तरणाबांड माणूस बरळायला लागतो आणि कोसळतो. अशा वेळी त्याला ‘उठ, हिंमत हार नको’ म्हणणं म्हणजे त्याला मारणं. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, डॉक्टरला बोलवा. दुसरी, अतिश्रमाने स्नायू विरघळणं. लघवी चहासारखी काळपट झाली तर ते मूत्रपिंडावरचं संकट आहे, त्याच दिवशी एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, गाठा. वेदनाशामक गोळ्या खाऊन मार्च पूर्ण करणारे बहाद्दर असतात. पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाचं नुकसान करतात आणि मोडणारं हाड झाकून ठेवतात.

पोहणं मात्र टाळू नका. आपल्याकडे विहिरीत सूर मारणारी पोरं पुष्कळ, पण गणवेशात, बुटांसह, शांतपणे लांब अंतर पोहणारी थोडी.

वय उलटत चाललंय, आता जमेल का?

हिशोब मांडा. विसाव्या वर्षी एसीसीत गेलात तर चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट. सत्ताविसाव्या वर्षी गेलात तर एकतिसाव्या. प्रोबेशनला शेजारी एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, आलेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट असेल. एकतिसाव्या वर्षी ते अशक्य नाही. पण गुडघे-पाठ वेगळ्या असतात, बहुधा लग्न झालेलं असतं, आणि कॅप्टन म्हणून तुकडी घेऊन जाण्याची वर्षं कमी उरतात. पंचविशीच्या आत एसीसी, हे धोरण ठेवा. पंचविशी ओलांडली असेल तर अधिकारी होण्याचं ध्येय सोडू नका, फक्त एसएफवरच सगळं अडवून बसू नका. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत घातक प्लाटून, म्हणजे धाडसी कामांसाठीची खास तुकडी, असते, तिचं नेतृत्व तरुण अधिकारीच करतो. बेळगावचा कमांडो कोर्स त्यासाठीच आहे आणि तो कुणाला सोपा गेलेला ऐकलं नाही.

आधी एसएफमध्ये जवान होऊ, मग अधिकारी. हा क्रम कसा?

मोहक आहे, आणि काहींना योग्यही. प्रोबेशन काय असते ते कळतं, कौशल्य हाताशी येतं. पण एसएफ पलटणीत कोर्स, सराव, ऑपरेशन यांतून अभ्यासाला वेळ काढणं फार कठीण. प्रोबेशन आणि पुढच्या प्रशिक्षणातच एसीसीच्या वयाची दोन-तीन वर्षं सहज जातात. अधिकारी व्हायचंच हे पक्कं असेल तर आहे त्या पलटणीत राहून आधी एसीसी काढा. ‘मला एसएफचं काम करायचं आहे, हुद्दा कुठलाही चालेल’ असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर खुशाल आधी स्वेच्छा द्या. हा प्रश्न स्वतःला एकट्यात विचारावा. अनेकांना खरं तर काम हवं असतं आणि ‘ऑफिसर’ हा शब्द घरच्यांसाठी लागतो.

मुलींचं काय?

पायदळ आणि पॅरा एसएफमध्ये महिला अधिकारी नाहीत. सैन्याची इतर अनेक दलं खुली आहेत, २०२२ पासून एनडीएतही मुली आहेत. कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पतीच्या पश्चात एसएसबी दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या.

प्रोबेशनमध्ये परत पाठवलं तर?

बरेच परत येतात. कुणी दुखापतीने, कुणी स्वतः ‘नको’ म्हणून, कुणाला पलटण ‘नको’ म्हणते. अधिकाऱ्याचं कमिशन त्यामुळे जात नाही, तो दुसऱ्या दलात रुजू होतो. गावात मात्र ‘परत पाठवला’ ही बातमी वेगळ्या रंगात पोचते. म्हणून निवडीआधी गावभर पेढे वाटू नयेत, एवढं व्यवहारज्ञान ठेवावं. एसएफचं काम असंही न सांगण्याचं आहे. इन्स्टाग्रामवर पलटणीचं नाव, हत्यार, ठिकाण टाकणाऱ्याने स्वतःच्या निवडीत स्वतःच अडथळा घातला असं समजा.

या आठवड्यात काय करू?

पलटणीतल्या एज्युकेशन जेसीओसाहेबांना भेटा. एसीसीची पुढची परीक्षा कधी, अर्ज कुठल्या वाटेने जातो, वयाची तारीख कोणती धरतात, हे त्यांच्याकडे ताजं मिळेल. नियम बदलत राहतात, तेव्हा मित्राच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. मग तुमचं कंडक्ट शीट, म्हणजे वर्तणुकीची नोंद, बघा. लाल शाईची नोंद, म्हणजे गंभीर शिक्षेची, अर्ज अडवू शकते आणि कमांडिंग ऑफिसरची शिफारस त्यावरच ठरते. वैद्यकीय श्रेणी शेप-वन आहे ना, तेही पक्कं करा. मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे, या पाचांत कुठेही उणीव नाही असा त्याचा अर्थ.

आणि बारावीची गुणपत्रिका काढा. त्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं असतं. लष्करी नोंदीत बहुधा उलट. आधारवर तिसरंच, आईच्या नावाचं स्पेलिंग चौथंच. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असला तरी तो आत्ताच, रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून मिटवा. त्याला महिनोन्‌महिने लागतात, आणि एसएसबीच्या पहिल्या सकाळी कागद तपासणारा कारकून ‘गावाकडे असंच लिहितात’ हे कारण ऐकत नाही.